पोस्टर एप्रिलमध्ये, साप जूनमध्ये

प्रति,
मा. कला संचालक,
कला संचालनालय, महाराष्ट्र राज्य,
मुंबई.

महोदय,



पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात उपयोजित कलेची जी कामं येतात, त्यांत पर्यावरण आणि समाज या विषयांवरची पुष्कळ असतात. त्यांना एक अट घाला. काम ज्या माणसांसाठी केलं, त्यांच्यासमोर ते आधी लागलेलं असावं आणि त्यांनी त्यात काय वाचलं हे कामासोबत लिहून यावं.

मी लिहितोय किन्हवलीकडून. किन्हवली हे ठाणे जिल्ह्यात शहापूरहून सरळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. जे. जे.च्या आवारातल्या आपल्या कार्यालयातून निघायचं, कसारा लोकल धरायची, आसनगावला उतरायचं आणि पुढे एसटी, नाहीतर शेअर जीप. या पट्ट्यातल्या शाळांत चित्रकला शिकवण्यात माझी नोकरी गेली. एलिमेंट्री-इंटरमीजिएटला मुलं बसवणं, पंधरा ऑगस्टचा फळा रंगवणं, निवडणुकीच्या आधी मतदान जागृतीची फेरी काढताना घोषणांचे फलक लिहिणं, ही माझी कारकीर्द. कलावंत म्हणून मला कोणी ओळखत नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. पण भिंतीवर लिहिलेलं कोण वाचतं आणि कोण नुसतं बघून पुढे जातं, एवढं मात्र मला कळतं.

हिवाळ्यात मुंबई-ठाण्याकडून एखाद्या कला महाविद्यालयाची बस इकडे येते. कधी शिबिर असतं, कधी शेवटच्या वर्षाच्या कॅम्पेनचा प्रोजेक्ट. मुलं गुणी असतात. उन्हात उभी राहतात, पिठलं-भाकरी हसत खातात, हातही चांगला असतो. जिल्हा परिषद शाळेची भिंत बघता बघता रंगवून काढतात. त्या भिंतीवर काय येतं, ते आता मी न बघताही सांगू शकतो. दोन तळहातांत पृथ्वीचा गोल, गोलाला डोळे, डोळ्यांत आसवं. शेजारी थेंब थेंब गळणारा नळ. वितळत्या बर्फावर पांढरं अस्वल. आणि खाली भिंतभर वारली नाचाची पट्टी.

नळाचं बघा. आमच्याकडच्या काही वाड्यांत आता नळ बसलेत, पण एप्रिल-मे महिन्यांत त्यांतून वारा येतो. बायका विहिरीच्या तळाशी झऱ्याजवळ बसून वाटीनं पाणी हंड्यात भरतात, नाहीतर टँकरची वाट बघतात. या बायकांना नळ नीट बंद करा म्हणून सांगायचं! सांगणारी मुलं जिथून आली, त्या मुंबईला रोज सुमारे ३,८०० दशलक्ष लिटर पाणी लागतं आणि त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसा धरणातून जातं. भातसा शहापूर तालुक्यात आहे. तानसाही इथलाच, आणि तो १८९२ पासून मुंबईला पाणी देतोय. भातसाचं पाणी आधी नदीतच सोडतात, भिवंडी तालुक्यात पिसे इथे उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करून मुंबईला पाठवतात. म्हणजे ते आमच्या डोळ्यांदेखत, आमच्याच नदीतून वाहत जातं.

तेव्हा पोस्टर करायचंच असेल तर त्याची दिशा उलटी करा. विद्यार्थ्यानं मे महिन्यात इथे यावं, वाडीवर चार रात्री राहावं आणि परत जाऊन दादरच्या जिन्यात किंवा घाटकोपरच्या सोसायटीत पोस्टर लावावं. बादली उपडी करणाऱ्या माणसाला ते पाणी कुठून आलं, ते दिसलं पाहिजे. असं काम माझ्या तरी बघण्यात आलेलं नाही. पाणी वाचवायला मात्र आम्हाला बरीच जणं सांगून गेली.

पांढऱ्या अस्वलावर माझा राग नाही. पण तानसा अभयारण्यात २०१४ मध्ये रानपिंगळा दिसला. हे छोटं घुबड संपलं असंच एके काळी सगळे धरून चालले होते. तब्बल ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये ते खानदेशात पुन्हा सापडलं आणि मग आमच्या सागाच्या जंगलात. शहापूरच्या किती पोरांना रानपिंगळा काढता येईल? मलाही तो काढायला फोटो समोर ठेवावा लागला. अस्वल मात्र सगळ्यांना पाठ.

आता ज्या विषयासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं, तो सांगतो.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि पावसाळ्याचे महिने सगळ्यांत वाईट. आमच्याकडे नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार हे चार विषारी. चारही सापांवर चालणारं प्रतिविष निघतं, हाफकिनचं तर महाराष्ट्राला ठाऊकच आहे. २०१४ पासून १०८ची गाडीही आहे. तरी माणसं जातात, कारण दंश आणि दवाखाना यांच्या मधल्या वेळात काय करायचं, ते कोणाच्या डोक्यात स्पष्ट नसतं. भगताकडे नेतात, पाय करकचून आवळतात, ब्लेडनं चीर देतात.

मण्यारचा घोळ आणखी वेगळा. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूण बहुतेक वेळा दिसत नाही. पहाटे पोरगं पोट दुखतं म्हणून रडतं, ओकतं. आईला वाटतं, रात्रीचं बाधलं. ती ओवा देते. मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटदुखीनं उठलं आणि त्याच्या पापण्या मिटत असल्या, तर साप दिसला नसला तरी दवाखाना गाठा, हे एवढं एका चित्रात सांगायचंय. ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या मुलासाठी याहून अवघड आणि याहून उपयोगाचा विषय मला तरी सुचत नाही. जे दिसत नाही ते दाखवायचं, आणि वाचता न येणाऱ्या बाईला.

सर्पदंशाची पोस्टरं निघत नाहीत असं नाही. एका संस्थेनं वाटलेलं पोस्टर मी शाळेच्या दाराशी लावलं होतं. रंगीत, चांगल्या कागदावरचं. त्यात दोरीनं आवळलेला पाय होता आणि त्यावर मोठी लाल फुली. म्हणजे, असं बांधू नका. नातवाला सोडायला आलेल्या ठाकूरवाडीतल्या एका आजींना मी सहज विचारलं, यात काय दाखवलंय. त्यांनी नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "मास्तर, पट्टी अशी आडवीतिडवी बांधायची."

फुली म्हणजे नको, हे आपण शाळेत शिकलो. गणित चुकलं की बाईंनी मारलेली फुली आपल्याला आठवते. आजी शाळेत गेल्याच नाहीत, त्यांच्यासाठी ती दोन लाल फडकी होती. पोस्टर काढणाऱ्यानं जे टाळायला सांगितलं, तेच त्या शिकून गेल्या असत्या. मी त्याच दिवशी पोस्टर उतरवलं.

हे पहिल्यांदा मलाच कळलं असंही नाही. १९७६ मध्ये नेपाळच्या खेड्यांत युनिसेफच्या मदतीनं एक पाहणी झाली होती. गावकऱ्यांना वेगवेगळ्या पद्धतीची चित्रं दाखवून त्यांत काय दिसतं ते विचारलं. छटा भरलेली, अंगापिंडानं माणसासारखी दिसणारी चित्रं लोकांनी जास्त ओळखली, काडीमाणसं सगळ्यांत कमी. आणि एकापुढे एक मांडलेली चित्रं लोक डावीकडून उजवीकडेच वाचतील, हे गृहीत धरता येत नाही असंही दिसलं. पन्नास वर्षं होत आली या गोष्टीला. अजून आमच्याकडे काडीमाणसं आणि बाणच येतात.

यावरून वारलीचं बोलतो. थोडं कडू लागेल. जिव्या सोमा म्हशे यांच्यामुळे ही कला जगभर गेली, त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. आनंदच आहे. पण वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, त्यात पालघट देवी बसते, त्याला वेळ असते, विधी असतो. ती काही आरोग्य खात्याच्या सूचनेखालची किनार नव्हे. किन्हवली-मुरबाडच्या पट्ट्यात ठाकूर आहेत, कातकरी आहेत, महादेव कोळी आहेत, कुणबी आणि आगरी आहेत. 'आदिवासी भाग' म्हटलं की सगळीकडे तोच गोल नाच चिकटवायचा, हा आळस आहे. विद्यार्थ्यांचा कमी, त्यांच्या मास्तरांचा जास्त.

मग चांगलं काम कसं असतं? दोन उदाहरणं देतो, दोन्ही आपल्याला ठाऊक असलेली. कुटुंब नियोजनाचा उलटा लाल त्रिकोण साठच्या दशकात आला आणि प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर बसला. आमच्याकडचा पेंटर सुतळी गेरूत बुडवायचा, भिंतीवर ताणून फटका मारायचा, तीन रेषा आखायचा आणि लाल रंग भरायचा. संपलं. तो त्रिकोण कोणाच्याही हातून बिघडत नसे. दुसरं, स्वच्छ भारतचा चष्मा. तो कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी २०१४ मध्ये केला. त्या मोहिमेबद्दल कोणाचं मत काहीही असो, चष्मा मात्र सातवीतलं पोर खडूनं काढतं. दोन वर्तुळं, मध्ये दांडी. रुपयाचं चिन्हही पवईच्या आयआयटीत डिझाइनचं संशोधन करणाऱ्या उदयकुमार यांनी केलं, आणि २०१० नंतर ते वाण्याच्या पाटीवरही हातानं लिहिलं जाऊ लागलं. ही कामं छापखान्यावर अवलंबून राहिली नाहीत, म्हणून पसरली.

विद्यार्थ्यांची कामं नेमकी इथे अडतात. ज्युरीच्या दिवशी ती गुळगुळीत कागदावर असतात, सतरा छटांची, कडेला नाजूक अक्षरांत मजकूर. खेड्यात येताना त्यांचं फ्लेक्स होतं. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. प्लास्टिक टाळा असं सांगणारा फ्लेक्स मी स्वतः बघितलाय, दोन पावसाळ्यांनी त्याच्या चिंध्या ओढ्यात गेल्या. आणि फ्लेक्सनं आमचे पेंटर संपवले, हा निराळाच विषय. साईबाबा, ट्रॅक्टर, खताच्या जाहिराती, सरपंचांच्या पाट्या सगळं हातानं लिहिणारी माणसं आता रंगकाम करतात किंवा समृद्धीच्या रस्त्यालगत टपऱ्या टाकून बसलीत. त्यांच्या हातात देवनागरी होती. दहा पावलांवरून वाचता येईल एवढी जाड उभी रेघ, मात्रा तुटणार नाही एवढी शिरोरेषेवरची जागा, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आर. के. जोशी, कमल शेडगे, अच्युत पालव ही नावं आपल्या महाविद्यालयांत आदरानं घेतली जातात, घेतलीच पाहिजेत. पण तिथली मुलं मांडणी इंग्रजीत करतात आणि मराठी मागाहून त्याच जागेत कोंबतात. वेलांट्या एकमेकींत अडकतात. आता मुक्तासारखे स्वच्छ देवनागरी फाँट फुकट मिळतात, त्यामुळे चांगला फाँट नाही ही सबबही राहिलेली नाही.

माझं म्हणणं असं की विद्यार्थ्यानं इथल्या एखाद्या पेंटरला गाठून त्याच्याबरोबर काम करावं. चुना, गेरू आणि काळा, एवढ्या तीन रंगांत जे बसत नाही ते सोडून द्यावं. पेंटरला मजुरी द्यावी आणि कामाखाली त्याचंही नाव घालावं.

विषय हवेत? इथे ढिगानं आहेत. दोन सांगतो.

कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. बयाणा घेतलेला असतो, हिशोब हजार विटांवर होतो आणि तो मालकाच्या वहीत असतो. पावसाळ्यापूर्वी घरी येताना उलट देणंच निघतं. वेठबिगारी विरोधी कायदा १९७६चा. या जिल्ह्यात त्यासाठी संघटना लढल्या, भट्टीवरच्या पोरांसाठी भोंगा शाळा चालल्या. तरी मजुराच्या हातात त्याची स्वतःची वही अजून नाही. अक्षर न येणाऱ्या जोडप्याला रोज संध्याकाळी किती विटा पडल्या, किती धान्य घेतलं, किती पैसे उचलले हे खुणांनी नोंदवता येईल, खिशात मावेल आणि चिखलात भिजली तरी टिकेल, अशी वही करून द्या. हे पोस्टरहून कितीतरी मोठं ग्राफिक डिझाइन आहे. मात्र ती वही भट्टीवरच बसून, नवऱ्या-बायकोला विचारत विचारत करावी लागेल.

दुसरा, नकाशा. काळू आणि शाई या नद्यांवर धरणांचे प्रस्ताव वर्षानुवर्षं आहेत. काळूचं काम २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं थांबवलं होतं, मागणी आणि विरोध दोन्ही अजून चालू आहेत. धरण हवं की नको हे विद्यार्थ्यानं ठरवू नये, त्यासाठी ग्रामसभा आहेत. पण पाणी कुठवर चढणार, त्यात कोणाचं खाचर, कोणाचा देव, कोणती वाट जाते, हे बाईमाणसाला जमिनीवर बोट ठेवून दाखवता येईल असा नकाशा गावाकडे नसतो. सरकारी नकाशात समोच्च रेषा आणि गट नंबर असतात. गावात जागा ओळखतात आंब्याच्या झाडानं, पाणवठ्यानं, मसणवटीनं. तसा नकाशा काढणं हे शिकाऊ हाताला जमण्यासारखं काम आहे, आणि त्यानं दोन्ही बाजूंची चर्चा सुधारेल. वनहक्क कायदा २००६चा, त्याचा दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे कसा जातो हेही कोणी चित्रातून समजावलेलं मला दिसलं नाही. कागद घेऊन शहापूरला हेलपाटे घालणारी माणसं रोज दिसतात.

माझ्या बाजूचंही सांगतो. शाळेत आम्ही वेगळं काय करतो? इंटरमीजिएटला 'अ' श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात, त्यामुळे पालक आता चित्रकलेला मान देतात, त्याबद्दल संचालनालयाचे आभार. पण संकल्पचित्राच्या पेपरात मुलं वर्षानुवर्षं आकृती दोन्हीकडे सारखी करून रंग सपाट भरतात. तिथे एखाद्या वर्षी असं विचारा की, तुमच्या गावातल्या विहिरीवर लावायची पाटी करा, ती वाचता न येणाऱ्यालाही कळली पाहिजे. आठवी-नववीच्या पोरांकडून काय काय येईल, ते बघून आपले प्राध्यापकही वह्या काढतील.

समाजासाठी डिझाइन हा विचार आता नवा नाही. १९६४ मध्ये लंडनला केन गार्लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीरनामा काढून म्हटलं होतं की, आमची कला साबण-टूथपेस्ट खपवण्यात संपतेय, तिला अधिक मोलाची कामं द्या. १९७९ मध्ये आपल्याच अहमदाबादला विकासासाठी डिझाइन या विषयावर आंतरराष्ट्रीय घोषणापत्र निघालं. पवईच्या आयआयटीत तर डिझाइनचं केंद्रही आहे आणि ग्रामीण तंत्रज्ञानाचंही, दोन्ही एकाच आवारात. विचारांची कमी नाही. उणीव परीक्षेच्या पद्धतीत आहे. विषय समाजाचा, गुण देणारे मात्र चार परीक्षक, आणि तेही त्याच व्यवसायातले. मुलगा हुशार असतो, तो परीक्षकांसाठीच चित्र काढतो. त्याचं काय चुकलं?

म्हणून सुरुवातीची अट. प्रवेशपत्रिकेत एक पान वाढवा. काम कुठे लावलं, कोणाकोणाला दाखवलं, त्यांनी काय सांगितलं, त्यावरून काय बदललं. आजींनी फुलीला पट्टी म्हटलं, हे विद्यार्थ्यानं लाज न बाळगता लिहावं. आणि त्याला गुण असावेत, रंगसंगतीइतके. सर जे. जे. आता अभिमत विद्यापीठ झालंय, त्यांना आपण आज्ञा करू शकत नसाल तर विनंती करा. बाकीच्या महाविद्यालयांना तर आपण सांगू शकता.

जागा आम्ही देऊ. किन्हवलीची बाजारपेठ आहे, एसटीचे थांबे आहेत, रेशन दुकानाबाहेरची रांग आहे. पौषात मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते, तिथे गुरांच्या बाजाराला शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुके लोटतात. तिथे एक मांडव टाकला तर एका दिवसात जेवढे डोळे चित्रावरून फिरतील, तेवढे जहांगीर कलादालनात महिन्यात फिरत नसतील.

एक अडचण आहे, ती आपणच सोडवू शकाल. महाविद्यालयांच्या ज्युरी मार्च-एप्रिलमध्ये होतात. काम तिथे मांडलं जातं, गुण मिळतात, सुट्टी लागते, आणि पोस्टर कपाटात जातं. आमच्याकडे मिरगानंतर पेरण्या होतात, जूनच्या शेवटाला लावणी सुरू होते आणि माणसं चिखलात उतरतात. साप त्याच वेळी बाहेर येतात. एप्रिलमध्ये पहिलं आलेलं सर्पदंशाचं काम मे महिन्यात आमच्या भिंतींवर लागू द्या. चुना आणि गेरू आमचा.

आपला नम्र,
किन्हवली परिसरातला एक निवृत्त चित्रकला शिक्षक